‘डिबेट कोणी जिंकली?’ या प्रश्नाचं उत्तर मतदार कसं देतो

आपल्याकडे तिकीट कोणाला द्यायचं हे पक्षश्रेष्ठी ठरवतात. अर्ज भरायची मुदत संपत आली तरी एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार हे नक्की नसतं, आणि ज्याचा पत्ता कटतो तो बंडखोरी करतो किंवा पुढच्या वेळेची वाट बघत बसतो. मतदाराला या सगळ्यात कोणी विचारत नाही. अमेरिकेत हा निर्णय मतदार घेतात. अध्यक्षपदाच्या मुख्य निवडणुकीआधी प्रत्येक पक्षात आपसातली निवडणूक होते, तिला प्रायमरी म्हणतात. एकाच पक्षाचे पाच-सात, कधी तर वीस-वीस इच्छुक एकमेकांविरुद्ध उभे राहतात आणि राज्याराज्यांत फिरून मतं मागतात. याच काळात ते टीव्हीवर एका मंचावर येतात, पत्रकार प्रश्न विचारतात, इच्छुक एकमेकांना अडवतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळीकडे एकच विषय असतो: काल कोण जिंकलं?

या प्रश्नाचं उत्तर देण्याची घाई सगळ्यांनाच असते. पण मतदाराच्या मनात त्या रात्री काय घडतं ते समजून घ्यायचं असेल, तर ‘कोण जिंकलं’ हा प्रश्नच थोडा बाजूला ठेवावा लागतो. मतदार टीव्हीसमोर बसतो तो कोरी पाटी घेऊन बसत नाही. प्रत्येक उमेदवाराबद्दल त्याच्या मनात आधीपासून एखादी शंका असते, आणि डिबेट पाहताना तो त्या शंकेचं उत्तर शोधत असतो. हे ज्या एका रात्री सर्वांत स्पष्ट दिसलं, तिथून सुरुवात करू.

६ फेब्रुवारी २०१६, शनिवार. जागा न्यू हॅम्पशायर राज्यातलं सेंट अँसेल्म कॉलेज. मंचावर रिपब्लिकन पक्षाचे सात इच्छुक: डोनाल्ड ट्रम्प, टेड क्रूझ, मार्को रुबिओ, जेब बुश, जॉन केसिक, ख्रिस ख्रिस्ती आणि बेन कार्सन. पाच दिवसांपूर्वी आयोवा राज्यात पहिली लढत झाली होती. तिथे रुबिओ तिसरे आले होते, पण अपेक्षेपेक्षा बरीच जास्त मतं, २३ टक्के, मिळवून. ट्रम्प यांना रोखू शकेल असा सर्वांना चालणारा चेहरा म्हणून त्यांचं नाव पुढे येऊ लागलं होतं. त्यांच्याबद्दल एकच शंका होती: वय चव्वेचाळीस, सिनेटमधली पहिलीच टर्म, बोलतात छान, पण पाठ केलेलं बोलतात का?

न्यू जर्सीचे गव्हर्नर ख्रिस्ती यांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं. रुबिओंनी कधी मोठा निर्णय घेऊन त्याची जबाबदारी अंगावर घेतलेली नाही, असं ते म्हणाले. त्याला उत्तर देताना रुबिओंनी आधी न्यू जर्सीच्या कर्जाची पत किती वेळा घसरली ते काढलं, आणि मग थोड्या वेळापूर्वीच म्हटलेलं वाक्य पुन्हा म्हटलं: बराक ओबामांना आपण काय करतोय ते कळत नाही हा भ्रम सोडून द्या, त्यांना ते पक्कं कळतं. ख्रिस्तींनी प्रेक्षकांना सांगितलं की वॉशिंग्टनमध्ये असंच चालतं, आधी अर्धवट माहितीचा हल्ला आणि मग सल्लागारांनी दिलेलं पंचवीस सेकंदांचं पाठ भाषण. यावर रुबिओंनी काय करावं? तेच वाक्य पुन्हा उच्चारलं. ख्रिस्ती लगेच म्हणाले, “हे बघा, आलं. पंचवीस सेकंदांचं पाठ भाषण.” नंतर त्याच डिबेटमध्ये ते वाक्य आणखी एकदा आलं.

तीन दिवसांनी, ९ फेब्रुवारीला मतदान झालं. ट्रम्प ३५ टक्के मतं घेऊन पहिले. केसिक जवळपास १६ टक्के घेऊन दुसरे. त्यानंतर क्रूझ, बुश, आणि पाचव्या क्रमांकावर साडेदहा टक्क्यांवर रुबिओ. त्या रात्री रुबिओंनी समर्थकांसमोर स्वतःच कबूल केलं की शनिवारची रात्र आपल्याला चांगली गेली नाही आणि असं पुन्हा होणार नाही.

आता यात जरा खोल जाऊ, कारण या एका प्रसंगात जवळपास सगळं आहे.

पहिली गोष्ट म्हणजे रुबिओंच्या वाक्यात तथ्याची चूक नव्हती. रिपब्लिकन मतदारांना ते वाक्य आवडणारंच होतं. आयोवात हीच भाषणं टाळ्या घेत होती. बिघडलं ते असं की मतदारांच्या मनात आधीच असलेल्या शंकेला त्या दोन-तीन मिनिटांत पुरावा मिळाला. तीच चूक दुसऱ्या कोणी केली असती तर कदाचित कुणाच्या लक्षातही राहिली नसती. टेक्सासचे गव्हर्नर रिक पेरी यांचं हेच झालं होतं. ९ नोव्हेंबर २०११ च्या डिबेटमध्ये, निवडून आल्यावर सरकारची तीन खाती बंद करीन असं सांगताना त्यांना तिसऱ्या खात्याचं नावच आठवेना. मिनिटभर चाचपडून शेवटी “ऊप्स” म्हणाले. विसरतं कोण नाही? पण त्याआधीच्या डिबेटमध्येही ते अडखळले होते आणि यांची तयारी नाही ही कुजबुज चालू होती. त्या एका शब्दाने कुजबुजीवर शिक्का मारला. (विसरलेलं खातं ऊर्जा खातं होतं. २०१७ मध्ये ट्रम्प यांनी पेरींना त्याच खात्याचं मंत्री केलं.)

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ख्रिस्तींचं काय झालं? वार त्यांनी केला, दुसऱ्या दिवशी सगळ्या वाहिन्यांवर तेच होते, डिबेट त्यांनीच जिंकली असं म्हणणारे पुष्कळ होते. मतं मिळाली साधारण साडेसात टक्के, क्रमांक सहावा. १० फेब्रुवारीला त्यांनी माघार घेतली.

मुख्य निवडणुकीत दोनच प्रमुख उमेदवार असतात, त्यामुळे एकाचं नुकसान बहुतेक वेळा दुसऱ्याच्या पदरात पडतं. प्रायमरीत सात जण असतात. रुबिओंपासून दुरावलेला मतदार ख्रिस्तींकडे जाईलच असं नाही. तो केसिककडे जाईल, बुशकडे जाईल, नाहीतर घरी बसेल. शिवाय आपल्याच पक्षातल्या माणसाला एवढं झोडपणारा माणूस अनेकांना मनातून आवडत नाही. मतदार वाराचं कौतुक करतो आणि मत मात्र भांडणात न पडलेल्याला देतो. त्या रात्री केसिक या भांडणापासून लांब राहिले होते, आणि त्याआधी कित्येक महिने ते न्यू हॅम्पशायरच्या गावागावांत छोट्या सभा घेत हिंडले होते, शंभराहून जास्त. त्यांचं दुसरं स्थान एकट्या डिबेटने दिलं असं मी म्हणणार नाही, पण डिबेटने इतरांच्या हातातून जे सुटलं ते झेलायला ते तिथे हजर होते.

पक्षाचं चिन्ह नसतं तेव्हा

मुख्य निवडणुकीतल्या डिबेटने फारशी मतं हलत नाहीत, असं अभ्यासक बऱ्याच वर्षांपासून सांगत आले आहेत. बहुतेकांची मतं पक्षानुसार आधीच ठरलेली असतात. आपला उमेदवार अडखळला तरी आपण त्याची बाजू सावरून घेतो. प्रायमरीत ही सावरून घेणारी भिंतच नसते. सगळे आपलेच. धोरणांतही सगळे साधारण एकाच सुरात बोलतात: करकपात सगळ्यांना हवी, किंवा दुसऱ्या पक्षात, आरोग्यविमा सगळ्यांना हवा. मग निवड करायची कशावर? बोलण्यावर, वागण्यावर, धीरावर, आणि एका फार व्यवहारी प्रश्नावर: हा माणूस नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत समोरच्या पक्षाला हरवू शकेल का?

हा शेवटचा प्रश्न मतदाराची प्रतिक्रिया वाकडी करतो. ‘मला हा आवडला’ आणि ‘हा इतरांना आवडेल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रायमरीचा मतदार दोन्हींचा हिशेब एकाच वेळी करत असतो. मिआमीत २७ जून २०१९ रोजी झालेल्या डेमोक्रॅटिक डिबेटमध्ये कमला हॅरिस यांनी जो बायडेन यांना वंशभेदाच्या प्रश्नावर घेरलं. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या मुलांना एका शाळेत आणण्यासाठी बस चालवल्या जात, त्या धोरणाला बायडेन यांनी पूर्वी विरोध केला होता. कॅलिफोर्नियात अशाच बसमधून रोज शाळेत जाणारी एक लहान मुलगी होती, असं सांगून हॅरिस म्हणाल्या, ती मुलगी मीच. प्रसंग मनाला भिडणारा होता आणि पुढच्या काही दिवसांच्या जनमत चाचण्यांत हॅरिस झपाट्याने वर गेल्या. पण उन्हाळा संपेपर्यंत ती वाढ ओसरली. बायडेन पुन्हा आघाडीवर होते, आणि ३ डिसेंबर २०१९ ला, एकाही राज्यात मतदान होण्याआधी, हॅरिस शर्यतीतून बाहेर पडल्या. त्यांचं बोलणं अनेकांना पटलं होतं. पण ट्रम्प यांना कोण हरवेल, या प्रश्नाचं त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचं उत्तर त्या रात्रीने बदललं नाही.

प्रतिक्रिया मोजतात कशी

टीव्हीवर डिबेट चालू असताना कधी कधी पडद्याच्या तळाशी एक रेघ वरखाली होताना दिसते. ती कुठून येते ते पाहण्यासारखं आहे. एका खोलीत वीस-तीस मतदार बसवलेले असतात. प्रत्येकाच्या हातात रिमोटएवढं एक यंत्र आणि त्यावर गोल फिरणारी एक खुंटी. खुंटी पन्नासवर ठेवून सुरुवात करायची. ऐकलेलं आवडलं की शंभराकडे, नावडलं की शून्याकडे. संगणक क्षणाक्षणाला सगळ्यांची सरासरी काढतो आणि त्याची रेघ होते. सैनिकांचे, शिक्षकांचे आभार मानले की रेघ वर जाते. कोणी कोणावर तुटून पडलं की बऱ्याचदा खाली येते. म्हणून ही रेघ पाहून उमेदवाराने ठरवलं की आता हल्ला करायचाच नाही, तर तोही फसेल, कारण ऐकताना नकोसा वाटलेला मुद्दा दोन दिवसांनी आठवतो आणि गोड वाक्य विसरलं जातं. ही यंत्रं त्या सेकंदाची आवडनिवड मोजतात. मत मोजत नाहीत.

त्यानंतर त्याच लोकांना गोलात बसवून विचारतात, आता कोणाचं मत बदललं, हात वर करा. इथे जो आधी आणि ठासून बोलतो, त्याच्या मागे इतर जातात. हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्या कोणालाही हे वेगळं सांगायला नको.

झटपट चाचण्या होतात त्या डिबेट पाहणाऱ्यांच्याच. पाहणारे म्हणजे मुळात राजकारणात रस असलेले, बरेचसे मन बनवलेले लोक, आणि त्यांतल्या बहुतेकांना आपलाच उमेदवार जिंकला असं प्रामाणिकपणे वाटतं. वेबसाइटवर क्लिक करून मत द्यायच्या ज्या चाचण्या असतात त्यांवर तर मी अजिबात विश्वास ठेवत नाही. तिथे ज्याचे समर्थक अधिक उत्साही तो जिंकतो. २००७ मध्ये रिपब्लिकन इच्छुक रॉन पॉल अशा चाचण्या वारंवार जिंकत होते, आणि नंतर प्रत्यक्ष प्रायमरीत त्यांना एकही राज्य जिंकता आलं नाही.

आणि आकड्यांचा एक साधा हिशेबही विसरला जातो. २०१६ ची ती न्यू हॅम्पशायरची डिबेट देशभरात सुमारे १ कोटी ३० लाख लोकांनी पाहिली. तिथल्या रिपब्लिकन प्रायमरीत मत टाकणारे तीन लाखांहून कमी. म्हणजे प्रतिक्रिया देणाऱ्यांपैकी बहुसंख्यांच्या हातात तेव्हा मतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची सकाळ

डिबेट संपताच उमेदवारांची माणसं शेजारच्या दालनात पत्रकारांना गाठतात आणि आपलाच माणूस कसा जिंकला ते पटवू लागतात. यालाच स्पिन रूम म्हणतात. हे सगळं पोकळ वाटेल, पण याचा परिणाम होतो, आणि त्याचा एक जुना ठळक पुरावा मुख्य निवडणुकीतला आहे. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी अध्यक्ष जेराल्ड फोर्ड म्हणाले की पूर्व युरोपवर सोव्हिएत संघाचं वर्चस्व नाही, जे तेव्हा उघडच होतं. डिबेट संपल्या संपल्या ज्यांना विचारलं त्यांच्यात फोर्ड पुढे होते. पुढच्या दिवसभरात बातम्यांनी तीच चूक पुन्हा पुन्हा दाखवली आणि त्यानंतर ज्यांना विचारलं त्यांच्यात प्रतिस्पर्धी जिमी कार्टर फार मोठ्या फरकाने जिंकले. डिबेट तीच, पाहणारे तसेच. मधे फक्त एक दिवस गेला होता.

प्रायमरीत तर पूर्ण डिबेट पाहणारे आणखी कमी. बाकीच्यांपर्यंत पोहोचतो तो तीस सेकंदांचा तुकडा. २३ फेब्रुवारी १९८० ला न्यू हॅम्पशायरमधल्या नॅशुआ गावी डिबेट होती. ठरल्याप्रमाणे रोनाल्ड रेगन आणि थोरले जॉर्ज बुश दोघेच बोलणार होते आणि खर्च रेगन यांच्या प्रचारयंत्रणेने उचलला होता. रेगन इतर इच्छुकांनाही मंचावर घेऊन आले. गोंधळ झाला, संचालकाने रेगन यांचा माइक बंद करायला सांगितलं, आणि रेगन कडाडले की या माइकचे पैसे मी भरतोय. बुश शेजारी गप्प बसून राहिले. त्या दिवशी धोरणांवर कोण काय बोललं ते आज कोणाला सांगता येणार नाही. तीन दिवसांनी रेगन ५० टक्के मतं घेऊन जिंकले, बुश २३ टक्क्यांवर राहिले.

तरीही प्रत्येक निकालाचं श्रेय एका वाक्याला देऊ नये. ५ जानेवारी २००८ ला, त्याच सेंट अँसेल्म कॉलेजात झालेल्या डेमोक्रॅटिक डिबेटमध्ये, हिलरी क्लिंटन यांना विचारलं गेलं की लोकांना ओबामा अधिक आवडतात, त्याचं काय? त्या हसून म्हणाल्या, हे ऐकून मला वाईट वाटलं. ओबामा मान वर न करता म्हणाले, “तुम्ही पुरेशा आवडण्यासारख्या आहात, हिलरी.” अनेक स्त्रियांना तो स्वर खटकला. दोन दिवसांनी पोर्ट्समथच्या एका कॅफेत एका मतदार बाईने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देताना क्लिंटन यांचा गळा दाटून आला. ८ जानेवारीला, सगळ्या चाचण्या ओबामांना पुढे दाखवत असताना, क्लिंटन ३९ विरुद्ध ३६ टक्क्यांनी जिंकल्या. आयोवात स्त्रियांमध्ये ओबामा पुढे होते, इथे क्लिंटन बऱ्याच पुढे गेल्या. मग हे ओबामांच्या वाक्याने झालं, की कॅफेतल्या त्या क्षणाने, की मुळात चाचण्याच चुकल्या होत्या? जनमत चाचण्या करणाऱ्यांच्या संघटनेने या चुकीची रीतसर चौकशी केली, आणि एका कारणावर बोट ठेवता येत नाही असंच त्यातून दिसलं. तीन दिवसांत पाच गोष्टी घडल्या की कोणती लागू पडली ते वेगळं काढता येत नाही.

कधी डिबेट प्रभावी होते, पण वेळ निघून गेलेली असते. १९ फेब्रुवारी २०२० ला नेवाडा राज्यातल्या लास व्हेगासमध्ये झालेल्या डेमोक्रॅटिक डिबेटमध्ये एलिझाबेथ वॉरन यांनी अब्जाधीश मायकेल ब्लूमबर्ग यांना पहिल्याच मिनिटांत धारेवर धरलं. जवळपास दोन कोटी लोकांनी ती डिबेट पाहिली. ब्लूमबर्ग यांनी प्रचारावर ओतलेल्या प्रचंड पैशाने उभी केलेली प्रतिमा एका रात्रीत ढासळली, आणि ४ मार्चला ते बाहेर पडले. पण वॉरन यांना नेवाडात लगेच फायदा का झाला नाही? कारण तिथलं आगाऊ मतदान डिबेटच्या आदल्याच दिवशी संपलं होतं. एकूण साधारण १ लाख ५ हजार मतदारांपैकी जवळपास ७५ हजारांनी आपली पसंती आधीच नोंदवून ठेवली होती.

आणि कधी डिबेट होते, गाजते, आणि काहीच हलत नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला मिलवॉकीतल्या रिपब्लिकन डिबेटमध्ये विवेक रामस्वामी आणि निकी हेली यांची जुंपली तेव्हा आपल्याकडच्या वाहिन्यांनीही ती चांगलीच रंगवली होती. ट्रम्प त्या मंचावर आलेच नाहीत. जानेवारी २०२४ मध्ये आयोवात ट्रम्प यांना ५१ टक्के मतं पडली, हेलींना १९, रामस्वामींना आठहून कमी. मतदाराच्या मनात शंका शिल्लक नसेल तर डिबेटला उत्तर द्यायला काही उरत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी माणसांना हे सगळं कुठे लागू होतं? मत द्यायला नागरिकत्व लागतं, ग्रीन कार्ड पुरत नाही. ज्यांना मत आहे त्यांतले बरेच न्यू जर्सीत आहेत, आणि तिथली अध्यक्षपदाची प्रायमरी जूनमध्ये असते. तोपर्यंत सहसा सगळं ठरून गेलेलं असतं. २०१६ मध्ये ७ जूनला न्यू जर्सीने मतदान केलं तेव्हा ट्रम्प सोडून रिपब्लिकन शर्यतीत कोणी उरलंच नव्हतं.

राज्याच्या निवडणुकांत मात्र चित्र उलटं असतं. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत मूळचे बेळगावचे श्री ठाणेदार उभे होते. स्वतःच्या खिशातून जवळपास एक कोटी डॉलर घालून त्यांनी जाहिरातींनी आपलं नाव घरोघरी पोहोचवलं, आणि ग्रेचेन व्हिटमर व अब्दुल एल-सईद यांच्यासोबत ते टीव्हीवरच्या डिबेटलाही उभे राहिले. निकालात व्हिटमर ५२ टक्के, एल-सईद ३०, ठाणेदार जवळपास १८. पुढे २०२२ मध्ये ते डेट्रॉइटमधून अमेरिकेच्या संसदेवर, म्हणजे काँग्रेसवर, निवडून गेले. २०२५ च्या जूनमध्ये न्यू जर्सीत गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाचे सहा जण रिंगणात होते, आणि मिकी शेरिल साधारण ३४ टक्के मतांवर जिंकल्या. अशा लढतीत अर्ध्या मतदारांना सहाही नावं सांगता येत नाहीत, पाहणारे थोडे असतात, आणि म्हणूनच तासाभराच्या डिबेटमधून प्रत्येकाबद्दल काहीतरी नवं कळतं. घरभाडं, मालमत्ता कर, रेल्वेचा खोळंबा यांवर कोण नेमकं बोलतो आणि कोण पाठ केलेलं म्हणतो, हे न्यू जर्सीतल्या एडिसनमधल्या मराठी मतदाराला तिथे ऐकायला मिळतं, तेही मतदानाच्या आधी.